वही रानातली, दप्तर गावाचे

मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाकडून नाणेघाट चढून माथ्यावर गेले म्हणजे तेथील लेण्याच्या भिंतींवर सातवाहनकाळचा जो ब्राह्मी शिलालेख दिसतो, त्यात राणी नागनिकेच्या राजकुळाने केलेल्या यज्ञांची आणि त्या प्रसंगी दिलेल्या दानांची यादी आहे. किती गाई, किती घोडे, किती कार्षापण हे सारे आकड्यांनिशी नोंदलेले असून, भारतीय अंकचिन्हांच्या इतिहासात या लेखाला फार मोठे स्थान आहे. दोन हजार वर्षांपूर्वी देणाऱ्याचा हिशेब असा दगडावर चढला. परंतु त्याच डोंगररांगेच्या पायथ्याशी रानातून ओझी वाहून आणणाऱ्याचा हिशेब मात्र पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या वहीत राहिला.

पावसाळा सरला आणि भातकापणी आटोपली, की शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरील कित्येक कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. उचल किती दिली, विटा किती पाडल्या, खर्चीपोटी किती कापले आणि अखेर बाकी काय निघाली, हा सगळा तपशील भट्टीच्या दप्तरी असतो. ज्याच्या श्रमाचा तो हिशेब, त्याच्यापाशी बहुधा चिठ्ठीही नसते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने नष्ट ठरली, तरी माणसाला बांधून ठेवणारी ती वही केवळ कायद्याने त्याच्या हाती येत नाही. म्हणून या दोन तालुक्यांत नोंदीच्या नव्या साधनांचा विचार करताना, ती किती जलद चालतात यापेक्षा नोंद कोणाच्या ताब्यात राहते, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

या प्रश्नाला आशादायक उत्तर देणारा एक प्रयत्न शहापुरातच झाला आहे. येथील कातकरी तरुणांनी एकत्र येऊन रानातील गुळवेल गोळा करून विकण्याचा उद्योग आरंभिला. आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेमार्फत तो वाढला आणि पुढे प्रधानमंत्री वनधन योजनेला जोडला गेला. १४ एप्रिल २०१८ रोजी छत्तीसगडातील बिजापूर येथे आरंभ झालेल्या या योजनेत बचतगटांतून संघटित झालेल्या सुमारे ३०० संग्राहकांचे एक वनधन विकास केंद्र कल्पिलेले आहे. डाबर, हिमालया यांसारख्या औषध कंपन्यांपर्यंत शहापूरचा माल पोहोचला आणि कालपर्यंत मजुरी शोधणारे हात मालाचा सौदा करू लागले.

सौदा आला की लेखन आले. अशा केंद्रात कोणत्या पाड्यावरून, कोणत्या दिवशी, कोणी किती वेल आणली, दर काय लागला आणि पैसे केव्हा दिले, याची टिपणी तर हवीच. शिवाय ओली वेल सुकली म्हणजे तिचे वजन पुष्कळ घटत असल्याने ओल्या आणि सुक्या मालाच्या हिशेबाची रुजुवात घालावी लागते. त्याखेरीज आकड्यांत न मावणारी माहिती असते: कोणत्या रानाला यंदा विसावा द्यावयाचा, वेल मुळासकट न उपटता किती उंचीवर कापावी याविषयी काय ठरले, ग्रामसभेने कोणता ठराव केला. वनहक्क कायद्याच्या नियमांत २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने गौण वनोपजाच्या वाहतुकीचा परवाना देण्याचे काम ग्रामसभेच्या समितीकडे सोपविले. तेव्हा परवान्याचा दाखला, मालाचा आकडा आणि ठरावाचा मजकूर ही तिन्ही एकमेकांशी जुळलेली असणे अगत्याचे झाले.

आकड्यांची नोंद आणि मजकुराची नोंद या दोहोंसाठी आज स्वतंत्र साधने उपलब्ध आहेत. संगणकाची आज्ञावली न लिहिता, पडद्यावर रकाने मांडून मोबाईलवरील अ‍ॅप तयार करून देणारी अ‍ॅपशीट किंवा झोहो क्रिएटर ही पहिल्या जातीची. त्यांतील झोहो ही कंपनी भारतीय असून तिचे एक मोठे कार्यालय तमिळनाडूतील तेनकाशीच्या ग्रामीण परिसरात आहे. टिपणे, ठराव आणि इतिवृत्ते विषयवार ठेवणारी नोशन, जॉपलिन यांसारखी साधने दुसऱ्या जातीची. या दोहोंच्या मधले दळणवळण सांभाळणारी तिसरी जात म्हणजे झॅपियर, मेक, झोहो फ्लो किंवा २०१९ मध्ये बर्लिन येथे निघालेले एन-एट-एन. यांपैकी शेवटचे संस्थेला आपल्याच संगणकावर बसविता येते.

जुन्या पेढीवर दिवसाची कीर्द लिहून झाली, की कारकून तीच रक्कम खातेवार खतावणीत चढवीत असे. हे मधले साधन नेमके त्या कारकुनाचे काम करते. काट्यापाशी बसलेल्या ताईंनी मोबाईलवर पाडा, नाव आणि वजन भरले, की अ‍ॅप वेबहुक नावाच्या मार्गाने वर्दी देते. मधले साधन ती वर्दी घेऊन कोणता रकाना कोठे जावयाचा हे आधी ठरविल्याप्रमाणे पाहते आणि टिपणवहीत त्या पाड्याच्या पानावर दिनांकासह ओळ उमटविते. ठरलेल्या मर्यादेपलीकडे एखाद्या रानातून वेल येऊ लागली, तर त्याच ओळीबरोबर समितीला इशारा जातो. एकदा लिहिलेली गोष्ट पुन्हा उतरवून काढण्याचे श्रम आणि उतरविताना होणारी चूक, दोन्ही टळतात.

मात्र ही योजना शहरातील कार्यालयातून उचलून पाड्यावर ठेवली, तर चालणार नाही. डोंगराआडच्या वस्त्यांवर मोबाईलला रेंज नसते, म्हणून नोंद आधी फोनमध्येच साठून रेंज येताच पुढे जाईल असेच अ‍ॅप निवडले पाहिजे. रेंज तुटत-जुळत असता एकच वर्दी दोनदा जाऊन वजन दुप्पट दिसू शकते. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक नोंदीला स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि तो क्रमांक आधीच चढलेला असल्यास मधल्या साधनाने पुन्हा चढवू नये. एकाच माणसाचे नाव तीन तऱ्हांनी लिहिले जाते, म्हणून नाव टंकण्याऐवजी यादीतून निवडण्याची सोय ठेवावी; देवनागरी अंकांत भरलेले वजन काही साधने संख्या म्हणून ओळखीत नाहीत, याची परीक्षा आरंभीच करावी. दोन्ही बाजूंनी एकमेकांना वर्दी देण्याची व्यवस्था केली, तर एक बदल दुसऱ्याला जागा करीत राहतो आणि फेरा संपत नाही. म्हणून आकड्यांची मूळ नोंद अ‍ॅपमध्ये आणि मजकुराची टिपणवहीत, हा दंडक एकदा घालून घ्यावा. आणि दर आठवड्याला सर्व नोंदी कागदावर छापून गावात मोठ्याने वाचाव्यात, कारण ज्याला अक्षर येत नाही त्यालाही आपले वजन ऐकण्याचा हक्क आहे.

आता मुख्य मुद्दा. ज्या ईमेल खात्यावर अ‍ॅप उभारले, जो सांकेतिक शब्द मधल्या साधनाला दिला, त्यांचा मालक तोच दप्तराचा मालक होतो. ते खाते एखाद्या उत्साही कार्यकर्त्याचे खाजगी असेल आणि तो उद्या नोकरीसाठी कल्याणला गेला, तर संपूर्ण केंद्राचा इतिहास त्याच्याबरोबर जातो. म्हणून खाते संस्थेच्या नावाचे असावे, सांकेतिक शब्द समितीच्या दोघांपाशी असावा, टिपणवहीच्या ज्या पानांची गरज आहे तेवढ्यांचीच परवानगी मधल्या साधनाला द्यावी आणि महिन्याला सर्व नोंदींची साधी प्रत आपल्या संगणकात उतरवून ठेवावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यामागील संमतीचे तत्त्व पाड्यावरील म्हाताऱ्या आजीलाही लागू आहे. तिचे नाव आणि तिचे पैसे कोठे लिहिले जातात, हे तिच्या बोलीत तिला सांगितले पाहिजे.

शहापूर-मुरबाडातून शिकून ठाणे, मुंबई आणि पुण्याच्या संगणक कंपन्यांत गेलेले तरुण-तरुणी आता थोडे नाहीत. दिवाळीला ते गावी येतील, तेव्हा त्यांच्याकडे एवढेच मागणे आहे: एका पाड्यावर बसून, काट्याची चिठ्ठी आणि ग्रामसभेचा ठराव जोडणारी अशी एक लहानशी व्यवस्था गावकऱ्यांच्या हातून उभारावी, स्वतः उभारून देऊ नये, त्यांना उभारण्यास शिकवावे. जे दप्तर गावाला स्वतः उघडता, वाचता आणि दुरुस्त करता येते, तेच गावाचे.