सपातेसारखे फूल

स्लिपर म्हणजे सपात. ज्या फुलाची एक पाकळी सपातेच्या पुढच्या भागासारखी फुगीर व पोकळ असते, त्याला स्लिपर ऑर्किड म्हणतात. ऑर्किडला मराठीत आमरी असे नाव आहे. या पोकळ पाकळीत किडा पडतो. आतली बाजू गुळगुळीत, त्यामुळे आल्या वाटेने त्याला परत जाता येत नाही. मागे एक अरुंद वाट असते, तिच्यातून तो अंग घाशीत बाहेर पडतो. त्या वेळी पराग त्याला चिकटतो, आणि पुढच्या फुलाला तो पोचता होतो.

हे झाड महाराष्ट्राच्या रानात उगवत नाही. मेघालय, अरुणाचल, हिमालयाचा पूर्वभाग, ही त्याची ठिकाणे. दक्षिणेत याची एकच जात आहे, पिवळ्या फुलाची, केरळ-तामिळनाडूच्या सीमेवरील अगस्त्यमलाई डोंगरात. मग ते हिंगोलीत जगेल काय? जगेल, पण आपल्या सवयी बदलाव्या लागतील.

पहिली सवय काळ्या मातीची. कुंडी म्हटली की आपण शेतातली माती आणून भरतो. येथे ते चालायचे नाही. रानात याची मुळे पालापाचोळ्यात व दगडांच्या सांदीत असतात. त्यांना ओल हवी, तशीच हवाही हवी. काळी माती भिजली की चिकटून बसते व मुळे कुजतात. तेव्हा भोकांची लहान कुंडी घ्या. तळाला फुटक्या माठाची खापरे घाला. वर नारळाच्या सोडणाचे तुकडे व लाकडी कोळशाचे खडे भरा. सोडण आधी दोन दिवस भिजवून त्याचे पाणी बदलावे, म्हणजे त्यातला क्षार जातो.

आता पाण्याचे पाहू. हळदीचा गड्डा आपण खणून काढतो आणि तो सावलीत पुढच्या लावणीपर्यंत तसाच टिकतो, कारण त्याच्या पोटात शिदोरी असते. या आमरीला गड्डा नाही. तिची शिदोरी म्हणजे पाने, तीही थोडकी. म्हणून कुंडी कोरडी ठणठणीत होऊ देऊ नये, आणि तळाला पाणी साचूही देऊ नये. बोट घालून पाहावे. ओल कमी लागली की सकाळी पाणी द्यावे. पानांच्या मधोमध पाणी राहिले तर कापडाने टिपावे, नाहीतर कोंब सडतो. बोअरचे जड पाणी तिला सोसत नाही. पावसाळ्यात पत्र्यावरचे पाणी झाकणाच्या पिंपात धरून ठेवले, तर एका झाडाला पुष्कळ दिवस पुरते.

खरी परीक्षा मे महिन्यात. पारा चाळिशीच्या वर जातो, हवा कोरडी. घरात सर्वांत गार जागा कोणती? माठाजवळची! तिथे खिडकीचा उजेड येत असेल तर कुंडी तिथेच ठेवा. खाली ताटात वाळू घालून ती ओली ठेवा. दुपारचे ऊन नको, कूलरचा थेट झोतही नको. चट्टेरी पानांची जात उष्णता त्यातल्या त्यात सोसते. हिरव्या पानांच्या बऱ्याच जातींना फुलण्यासाठी रात्रीचा गारवा लागतो. त्यांच्या नादी आपण लागू नये.

झाड विकत घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. याचे बी धुळीइतके बारीक असते, ते प्रयोगशाळेत बाटलीत रुजवतात, आणि फूल यायला काही वर्षे जातात. म्हणून ते महाग. कुणी अगदी स्वस्तात देऊ लागला, मुळे तुटलेली, पाने फाटलेली दिसली, तर ते रानातून उपटलेले असण्याचा संभव फार. अगस्त्यमलाईची पिवळी जात अशाच ओरबाडण्याने संपत आली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे या झाडांना संरक्षण आहे. पक्के बिल देणाऱ्या रोपवाटिकेतूनच घ्या. तेवढे पैसे नसतील तर थांबा. रानातल्या झाडाची चोरी आपल्या अंगणात कशाला?

फूल आले की ते महिनाभर, कधी अधिकही टिकते. ज्या कोंबाला फूल आले त्याला पुन्हा येत नाही. केळीसारखेच आहे हे: बाजूला पिल्ले फुटतात, पुढचे फूल त्यांना. पण फूल गळाल्यावर जुना कोंब कापू नका, तो पिल्लांना पोसत असतो. शेजारीण मागते म्हणून लगेच पिल्लू तोडूनही देऊ नका. सहा-सात कोंब झाले म्हणजे तीन-तीन कोंबांची दोन झाडे करावीत.