भाडं येतं, हप्ता जातो: मधल्या पैशाचं गणित

आज भाषण कमी आणि हिशेब जास्त. कागद-पेन असेल तर काढा, आकडे लिहून घ्या.

राहायला खोली देणं कोल्हापूरला नवीन नाही. शाहू महाराजांनी 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढं एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. महाराजांनी इमारतींबरोबर त्या चालवायला जमिनी दिल्या, अनुदानं दिली. कारण इमारत एकदाच बांधायची असते, खर्च मात्र दर महिन्याला येतो. आपण फ्लॅट घेताना नेमकं हेच विसरतो.

आता उदाहरण. समजा, वडिलांच्या फंडाचे 10 लाख घातले आणि 40 लाखांचा फ्लॅट घेतला. बाकीचे 30 लाख कर्ज, मुदत 20 वर्षं, व्याज सव्वानऊ टक्के. हप्ता बसतो 27,476 रुपये. भाडं मिळतंय 12,000. स्टँप ड्युटी आणि नोंदणीचा खर्च वेगळा, तो बँक सहसा कर्जात धरत नाही.

लोक म्हणतात, "पंधरा-साडेपंधरा हजार खिशातनं घालायचे, त्यात काय?" थांबा. भाडं वर्षाचं 1,44,000. भाडेकरू बदलताना एक महिना जागा रिकामी राहिली, की 1,32,000. सोसायटीचा मेंटेनन्स 18,000, घरफाळा 8,000, रंग-नळ-दुरुस्ती 10,000 धरा. हातात राहिले 96,000, म्हणजे महिन्याला 8,000. खिशातनं जाणार साडेएकोणीस हजार, तेही दर महिन्याला.

हेच गणित उलटं करून बघा. 8,000 रुपयांत याच दरानं किती कर्ज फिटेल? साधारण पावणेनऊ लाख. म्हणजे 40 लाखांचा हा फ्लॅट स्वतःच्या भाड्यावर पावणेनऊ लाखांचंच कर्ज पेलतो. बाकीचं तुमचा पगार पेलतोय. पगार पक्का असेल तर चालेल, पण मग "भाड्यावर कर्ज फिटतंय" असं घरात सांगू नका.

दुसरी गोष्ट व्याजाची. गृहकर्ज बहुतेक फ्लोटिंग दराचं असतं. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या नऊ-दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेनं रेपो दर 4 वरून साडेसहा टक्क्यांवर नेला. हेच 30 लाख पावणेसात टक्क्यांनी असते तर हप्ता 22,811 होता. अडीच टक्के वाढले आणि महिन्याला 4,665 रुपये जास्त! भाडेकरूला सांगणार का, की रेपो वाढला म्हणून भाडं वाढवा? पुष्कळदा बँक हप्ता तोच ठेवून मुदत वाढवते, आपल्याला पत्ताच लागत नाही. म्हणून वर्षातनं एकदा कर्जाचा उतारा काढून किती हप्ते उरले ते बघा. 2025 मध्ये दर पुन्हा उतरले, तेव्हा आपला उतरला का, हेही विचारा. व्यक्तीच्या फ्लोटिंग गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरले तरी दंड नसतो. बोनस आला की मुद्दल कमी करा.

तिसरी गोष्ट आपल्या गावची. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021, दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 43 फूट. 2019 ला आमची शाहूपुरीतली तळमजल्याची जागा पाण्यात गेली. भाडेकरूचा संसार भिजला, त्याच्याकडं भाडं कुठल्या तोंडानं मागायचं? तीन महिने जागा बंद, वर दुरुस्ती. हप्ता मात्र ठरल्या तारखेला जातच होता. बायकोचे दागिने ठेवून ते तीन महिने काढले. तेव्हापासून पूररेषा बघितल्याशिवाय जागा बघत नाही आणि पुराचा विमा उतरवल्याशिवाय झोपत नाही.

विद्यापीठाच्या बाजूला, राजारामपुरीत कॉट बेसिसवर मुलं ठेवली तर उत्पन्न जास्त मिळू शकतं. पण परीक्षा संपल्या की उन्हाळ्यात खोल्या रिकाम्या होतात. तिथं वर्षाचं भाडं बारानं नव्हे, दहानं गुणा. आता ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय. "भाडी वाढणारच" असं कुणी म्हटलं, तर ऐकून घ्या, पण गणित आजच्या भाड्यावर मांडा.

करार रजिस्टर करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 प्रमाणे 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करारसुद्धा लेखी आणि नोंदणीकृत लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलटं सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. प्राप्तिकरात घरफाळा वजा करून उरलेल्या भाड्यावर 30 टक्के सूट आहे, व्याजाचीही वजावट आहे. पण नव्या करप्रणालीत घराचा तोटा पगारातनं वजा होत नाही. "टॅक्स वाचतो" म्हणून फ्लॅट घेणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावं.

शेवटी तीन कामं सांगतो. फ्लॅटचं खातं वेगळं ठेवा. भाडेकरूचं डिपॉझिट एफडीत टाका, ते आपलं उत्पन्न नाही, परत द्यायचं आहे. आणि सहा हप्ते, म्हणजे या उदाहरणात सुमारे 1 लाख 65 हजार, बाजूला ठेवल्याशिवाय सही करू नका. राहत्या घरावर टॉप-अप काढून दुसऱ्या फ्लॅटचं डाऊन पेमेंट करणार असाल, तर आधी घरच्यांना समोर बसवून विचारा: सहा महिने भाडं आलं नाही, तर हप्ता कुठनं भरायचा? उत्तर मिळालं तर घ्या. नाही मिळालं, तर वडिलांचा फंड आहे तिथंच राहू द्या.

आता प्रश्न विचारा.