कागद जपताना (१४) : मायना नसलेली पत्रं

थर्मल कागदावरच्या बिलांबद्दल या आठवड्यात लिहीन, असं म्हणालो होतो. तूर्त एवढंच करा, जपायची असतील त्या बिलांची झेरॉक्स आजच काढून ठेवा, कारण ती बिलं रोज फिकी पडताहेत. बाकीचं पुढच्या आठवड्यात. कारण सोमवारी सातारा जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पाकीट आलं आणि ते वाचल्यापासून दुसरं काही सुचत नाही.

ताईंचे यजमान नोकरीसाठी मुंबईत, ताई गावी. सगळा संसार असा दोन ठिकाणी झाला. दोन वर्षांपूर्वी ते गेले. घरात त्यांचे मेसेज असलेले दोन फोन आहेत. एक जुना बटणांचा, त्यात एसएमएस. दुसरा ताईंचा आत्ताचा, त्यात व्हॉट्सॲप. ‘नातवंडांना वाचता यावं म्हणून छापून ठेवायचंय,’ असं त्या लिहितात. गावातल्या दुकानातून त्यांनी प्रिंट काढून आणल्या आणि त्यातला एक कागद मला नमुन्याला पाठवला.

तो कागद समोर ठेवूनच लिहितो आहे. ए-फोरच्या मधोमध जेमतेम सव्वातीन सेंटिमीटर रुंदीची एक पट्टी, दोन्ही बाजू कोऱ्या. अक्षरं इतकी बारीक की भिंग लागतं. दुकानातल्या मुलाने लांब स्क्रीनशॉट घेतला आणि ‘पानात बसव’ असं संगणकाला सांगितलं. १०८० ठिपके रुंद आणि दहा हजार ठिपके उंच असं चित्र २९७ मिलिमीटर उंचीच्या कागदात बसवलं, तर रुंदी ३२ मिलिमीटरच उरणार. हिशेबच तसा आहे. पानांवर क्रमांक नाहीत, पहिलं पान सोडलं तर कुठेही नाव नाही. हिरवे आणि पांढरे दोन्ही फुगे काळ्या-पांढऱ्या छपाईत जवळपास सारखेच दिसतात. ताई लिहितात, ‘पिशवी हातातून सुटली, कागद पसरले, आणि कशामागे काय ते मलाच लावता येईना.’

दुकानदाराला दोष देऊ नका. त्याने चित्र छापलं. आपल्याला मात्र पत्रं छापायची आहेत.

पत्राला मायना असायचा. वर उजवीकडे गाव आणि तारीख, मग ‘ति. आईस’ किंवा ‘चि. सौ.’, त्याखाली ‘सा. न. वि. वि.’, शेवटी सही. लिहिणारा तारीख विसरला तरी पोस्टाचा शिक्का ती सांगायचा. म्हणून साठ वर्षांपूर्वीचं आंतरदेशीय कुणा अनोळखी माणसाच्या हाती पडलं, तरी कुणी कुणाला कुठून कधी लिहिलं, ते कळतं. मेसेजला मायना नसतो. लागतच नाही, कारण नाव, नंबर, तारीख, कशाला उत्तर दिलं हे सगळं फोनला ठाऊक असतं. पण मजकूर कागदावर उतरला की फोन मागे राहतो आणि त्याच्याबरोबर हे सगळं ज्ञानही मागे राहतं. मेसेज छापणं म्हणजे ज्या पत्रांना मायना नव्हता, त्यांना तो लिहून देणं. सगळी मेहनत तिथेच आहे.

हे मी कोर्टाबाहेरच्या माझ्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात शिकलो. एक पक्षकार पेनड्राइव्हमध्ये एक स्क्रीनशॉट घेऊन आले. समोरच्या माणसाने पैसे पोचल्याचं कबूल केलेलं, अगदी स्वच्छ शब्दांत. त्या कबुलीच्या वर, मधोमध, लहान चौकटीत तारखेच्या जागी एकच शब्द होता, ‘काल’. स्क्रीनशॉट काढला त्या दिवशी तो शब्द बरोबरच होता. ताजे मेसेज फोन ‘आज’, ‘काल’ असेच दाखवतो. ते गृहस्थ दुकानात आले दोन वर्षांनी. तोवर तो फोन नव्या फोनच्या बदल्यात गेलेला. वकीलसाहेबांनी कागद उजेडात धरला आणि हळूच विचारलं, ‘कुठला काल?’ त्या दिवसापासून स्क्रीनशॉट छापायला आलेल्या प्रत्येकाला मी आधी पूर्ण तारीख दिसते का ते बघायला लावत असे.

कायदाही वेगळ्या भाषेत हाच मायना मागतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ खाली अशा प्रिंटसोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्याचा नमुना कायद्यातच दिलेला आहे. उपकरण कोणत्या कंपनीचं, मॉडेल कोणतं, अनुक्रमांक आणि आयएमईआय काय, इतकंच नव्हे तर रंग कोणता, हेही त्यात लिहायचं असतं. शिवाय फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे तिच्या अंगठ्याचा ठसाच. फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी हा ठसा बदलतो. त्याआधी पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालीही प्रमाणपत्र होतंच. ते खरोखर सक्तीचं आहे का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात मिटला तो आपल्या जालन्याच्या निवडणुकीवरून. २०१४ च्या विधानसभेत अर्जुन खोतकर कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा २९६ मतांनी पुढे राहिले. खोतकरांनी उमेदवारी अर्ज वेळेत भरला का, हे निवडणूक अधिकाऱ्यांच्या दालनातल्या व्हिडिओवरून ठरायचं होतं, आणि त्या सीडींना प्रमाणपत्र नव्हतं. १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरणच हजर केलं नसेल, तर प्रमाणपत्र हवंच. ज्यांना कोर्टासाठी प्रिंट हवी आहे त्यांनी आधी वकिलांना भेटावं, आणि मूळ फोन विकू नये.

ताईंना कोर्टात जायचं नाही. त्यांना नातवंडांपर्यंत पोचायचं आहे. त्यांचा दुसरा प्रश्न मला सगळ्यात आवडला. ‘यांचे जुने एसएमएस मराठी आहेत, पण इंग्रजी अक्षरांत. छापताना ते आपल्या लिपीत करून घेऊ का?’

यावर उत्तर द्यायला थोडं मागे जावं लागेल. १९८५ च्या सुमारास जर्मनीत बॉन इथे फ्रीडहेल्म हिलेब्रांट नावाचे अभियंते टाइपरायटरवर सुचतील ती वाक्यं लिहून त्यांची अक्षरं मोजत बसले. बहुतेक वाक्यं १६० च्या आत संपत होती. पोस्टकार्डं तपासली, तर त्यांवरचा मजकूरही पुष्कळदा १५० च्या आतच. म्हणजे आपल्या एसएमएसचं माप पोस्टकार्डाशी ताडून पाहिलेलं आहे. पहिला एसएमएस गेला ३ डिसेंबर १९९२ रोजी, इंग्लंडमध्ये, नाताळच्या शुभेच्छांचा.

पण हे माप रोमन लिपीचं. एका संदेशाला जागा १४० बाइट, म्हणजे ११२० बिट. रोमन अक्षराला ७ बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरीचं एकही चिन्ह आलं की प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात आणि १६० चे ७० होतात. त्यात आपल्याकडे काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं. ‘स्वयंपाकघरात’ हा शब्द डोळ्यांना सात अक्षरांचा दिसतो. फोन त्याची बारा चिन्हं मोजतो. सत्तरातली बारा एका शब्दात संपली! रोमनमध्ये त्याला पंधरा अक्षरं लागतील, पण ती एकशेसाठातली. शिवाय समोरच्याच्या फोनमध्ये देवनागरी नसली, तर तिथे नुसते चौकोन उमटायचे. म्हणून अख्ख्या महाराष्ट्राने ‘पोचलो’, ‘जेवलीस का’, ‘औषध घे’ हे रोमनमध्ये लिहिलं. त्यामागे इंग्रजीचा सोस नव्हता. पैसे मोजून मिळालेल्या १४० बाइटांत आपल्या माणसाशी बोलायची ती युक्ती होती.

तर ताई, ते मेसेज जसेच्या तसे, रोमनमध्येच छापा. एकही स्पेलिंग सुधारू नका. प्रत्येकाखाली देवनागरी वाचन वेगळ्या, तिरप्या अक्षरांत द्या. मूळ पुसून त्याजागी मात्र ते घालू नका. के-ए-एल ही तीन अक्षरं म्हणजे काल, कळ की कल? एम-ए-एल-ए म्हणजे मला, मळा, माळा की माला? ‘मळ्यात पाणी सोडलं का’ असं ते विचारत होते, हे आज फक्त तुम्हीच सांगू शकता. मूळ अक्षरं आणि तुमचं वाचन, दोन्ही शेजारी हवीत.

हे मेसेज बटणांच्या फोनमधून काढायचा माझ्या माहितीतला खात्रीचा मार्ग म्हणजे वही आणि पेन. प्रत्येक मेसेजच्या तपशिलात तारीख-वेळ असते, ती आधी लिहा, मग मजकूर. त्या फोनची बॅटरी फुगली असेल, तर चार्जिंगला लावू नका, दुसरी बॅटरी घाला. अशा फोनमध्ये आलेले मेसेज राहतात, आपण पाठवलेले बहुधा पुसले गेलेले असतात. संवादाची अर्धी बाजूच हाती येते. उरलेल्या बाजूकडे शेवटी येतो.

व्हॉट्सॲपसाठी स्क्रीनशॉट सोडा. त्या संवादाच्या मेनूत ‘एक्स्पोर्ट चॅट’ आहे. त्यातून साधी मजकुराची फाइल मिळते, हवे असल्यास सोबत फोटोही. फोटोंशिवाय अलीकडचे ४०,००० मेसेज येतात, फोटोंसह १०,०००. ही फाइल स्वतःलाच ई-मेल करा. दुकानात ती वर्डमध्ये उघडायला सांगा आणि एन्कोडिंग विचारलं, तर युनिकोड यूटीएफ-८ निवडायला सांगा. नाहीतर मराठीच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसतील. श्रीलिपीच्या जुन्या फॉण्टमध्ये मजकूर टाकला, तर असाच गोंधळ होतो. युनिकोड फॉण्टच घ्या, आणि त्यातही मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ देणारा. आयआयटी मुंबईचा शोभिका किंवा एक टाइपचा मुक्त चालवून बघा. फाइलमधल्या तारखांत दिवस आधी की महिना आधी, हे फोनच्या सेटिंगवर ठरतं, तेव्हा १२ च्या पुढची एखादी तारीख शोधून क्रम पक्का करा. छपाई लेझरवर, पाठपोट नको, आणि खाली पानांचे क्रमांक हवेतच. टोनर पाण्याने फुटत नाही. इंकजेटची साधी शाई एका थेंबाने पसरते.

या फाइलमध्ये काय येत नाही, तेही जाणून घ्या. निळ्या खुणा येत नाहीत. मेसेजवर दिलेला अंगठा किंवा बदाम येत नाही. कुठल्या मेसेजला उलटून उत्तर दिलं, तो धागा येत नाही, नुसतं उत्तर येतं. ‘हो, आणलं’ एवढीच ओळ उरते, आणि काय आणलं ते चार ओळी वर शोधावं लागतं.

आणि प्रत्येक मेसेजच्या आधी, तारीख-वेळेच्या मागोमाग, समोरच्याचं नाव येतं ते आपण फोनमध्ये सेव्ह केलेलं. ताईंनी यजमानांचा नंबर ‘अहो’ या नावाने ठेवला आहे. म्हणजे शेकडो पानांवर त्यांच्या प्रत्येक मेसेजआधी ‘अहो’ येणार. फोनमधलं नाव बदलून पुन्हा एक्स्पोर्ट केलं, तर सगळीकडे पूर्ण नाव येईल, आणि दुकानदार तसंच सुचवेल. माझा सल्ला आहे की ‘अहो’ राहू द्या. चाळीस वर्षांनी नात ते वाचेल, तेव्हा आजी आजोबांना काय हाक मारायची हे त्या कागदावरच असेल. पूर्ण नाव पहिल्या पानावर लिहा, तुमच्या हाताने. कुणी कुणाला लिहिलं, कुठून कुठे, कधीपासून कधीपर्यंत, फोन कोणता, छापलं कधी. तोच मायना.

आणखी एक करा. छापताना डावा समास चार सेंटिमीटर ठेवायला सांगा. दुकानदार म्हणेल की कागद वाया जातो, जाऊ द्या. बटणांच्या फोनमधून पुसली गेलेली तुमची उत्तरं त्या समासात येणार आहेत. ‘पाऊस थांबला का’ याच्या शेजारी पेन्सिलीने लिहा, त्या वर्षी गोठ्याचं छप्पर गळत होतं. आठवेल तेवढंच आणि आठवेल तेव्हा लिहा, खाली त्या दिवसाची तारीख घाला. रोज एक पान झालं तरी पुरे.

पुढच्या आठवड्यात नक्की, थर्मल कागद.