विश्लेषण : सुखोई विमाने आली, क्षेपणास्त्रे नाहीत… आर्मेनियाचे आकाश उघडे का पडले?

नागोर्नो-काराबाखवरून २०२० मध्ये आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्यात ४४ दिवस युद्ध झाले. आर्मेनियाच्या ताफ्यात तेव्हा चार नवीकोरी सुखोई-३० एसएम लढाऊ विमाने होती. मात्र, ती युद्धात उतरलीच नाहीत. जेमतेम ३० लाख लोकसंख्येच्या या माजी सोव्हिएत देशाचे हवाई दल नेमके कसे आहे आणि कुठे कमी पडले?

हवाई दलाकडे काय आहे?

सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर १९९२ मध्ये हे दल उभे राहिले. डोंगराळ भागात लढणाऱ्या पायदळाला हवेतून साथ देणे, हे त्याचे मुख्य काम. त्यामुळे जमिनीवरील लक्ष्यांवर मारा करणारे सुखोई-२५ हे विमान त्याचा कणा राहिले. यातील काही विमाने स्लोव्हाकियाकडून जुनी घेतलेली आहेत. जोडीला एमआय-२४ आणि एमआय-८ हेलिकॉप्टर, तसेच प्रशिक्षणासाठी एल-३९ विमाने आहेत. गुमरी आणि राजधानी येरेवानमधील एरेबुनी हे प्रमुख तळ. जमिनीवरून हवेत मारा करण्यासाठी एस-३००, ओसा आणि टोर या रशियन बनावटीच्या प्रणाली आहेत.

मग आकाशाची राखण कोण करत होते?

मुख्यत्वे रशिया. गुमरीत रशियाचा लष्करी तळ आहे आणि त्याचीच मिग-२९ विमाने एरेबुनीत तैनात असतात. २०१५ मध्ये दोन्ही देशांनी संयुक्त हवाई संरक्षणाचा करारही केला. पण अडचण वेगळीच होती. काराबाख हा आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार अझरबैजानचा भाग. रशियाची सुरक्षा हमी आर्मेनियाच्या मान्यताप्राप्त सीमेपुरतीच असल्याचे मॉस्कोने २०२० मध्ये स्पष्ट केले. युद्ध मात्र सुरू होते काराबाखमध्ये.

सुखोई-३० का उडाली नाहीत?

ही विमाने २०१९ च्या अखेरीस रशियाकडून आली. त्यांच्यासाठीची क्षेपणास्त्रे मात्र युद्ध सुरू होईपर्यंत मिळालीच नाहीत, असे पंतप्रधान निकोल पाशिनियान यांनी मार्च २०२१ मध्ये मान्य केले. त्यावरून विरोधकांनी त्यांना धारेवर धरले.

क्षेपणास्त्रांविना अशा विमानाकडे हवाई लढाईसाठी ३० मिमीची तोफ तेवढी उरते. शत्रूकडे दूरवर मारा करणारी क्षेपणास्त्रे असताना तोफेच्या पल्ल्यात जाणे म्हणजे वैमानिकाचा जीव धोक्यात घालणे. शिवाय चार विमानांपैकी एखाद-दुसरे देखभालीसाठी जमिनीवर राहणारच. म्हणजे चोवीस तास गस्त घालण्यासाठी ही संख्या मुळातच तोकडी होती.

ड्रोनपुढे हवाई संरक्षण का टिकले नाही?

सोव्हिएत काळातील रडार मोठी आणि वेगवान विमाने हेरण्यासाठी घडवलेली होती. छोटे, संथ ड्रोन त्यांच्या नजरेतून सहज निसटतात. अझरबैजानने याचा पुरेपूर फायदा घेतला. जुनी, दोन पंखी एएन-२ विमाने वैमानिकाविना पुढे पाठवली. ती पाडण्यासाठी आर्मेनियाने रडार सुरू केले, की त्यांचा ठावठिकाणा उघड होई. मग तुर्कीयेचे बायरक्तार टीबी-२ आणि इस्रायलचे हारोप ड्रोन त्यांचा वेध घेत. हारोप तर रडारच्या लहरींचा माग काढत थेट त्यावरच आदळते. हवाई संरक्षणाचे कवच फाटल्यावर रणगाडे, तोफा आणि खंदकांतील सैनिक वरून होणाऱ्या माऱ्यापुढे उघडे पडले.

भारताशी आणि नाशिकशी संबंध काय?

सुखोई-३० एसएम हे भारताच्या सुखोई-३० एमकेआयवरूनच विकसित झालेले विमान. एमकेआयची निर्मिती नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात झाली. भारतीय हवाई दल याच विमानावर स्वदेशी अस्त्र आणि ब्रह्मोस क्षेपणास्त्रे वापरते. देखभाल, दुरुस्ती आणि शस्त्रास्त्रे यांची घडी देशातच बसलेली आहे. म्हणजे विमान एकाच कुळातले, फरक आहे तो त्यामागच्या व्यवस्थेचा.

युद्धानंतर आर्मेनिया शस्त्रखरेदीसाठी भारताकडे वळला. पिनाक रॉकेट प्रणालीपाठोपाठ त्याने आकाश हवाई संरक्षण प्रणालीही भारताकडून घेतली.

सध्या काय परिस्थिती आहे?

सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने अवघ्या २४ तासांच्या कारवाईत काराबाख ताब्यात घेतले. एक लाखाहून अधिक आर्मेनियन नागरिकांनी घरदार सोडले. त्याच वर्षी आर्मेनियाने फ्रान्सकडून तीन रडार घेण्याचा करार केला. २०२४ मध्ये रशियाच्या नेतृत्वाखालील सुरक्षा संघटनेतील सहभागही त्याने गोठवला. दुसरीकडे, अझरबैजानने पाकिस्तानकडून जेएफ-१७ लढाऊ विमाने घेण्याचा करार केला. ऑगस्ट २०२५ मध्ये वॉशिंग्टन येथे दोन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी शांतता कराराच्या मसुद्यावर आद्याक्षरे केली असली, तरी शस्त्रसज्जता थांबलेली नाही.

आर्मेनियाच्या नव्या खरेदीत मात्र एक बदल ठळकपणे दिसतो. आधी रडार आणि जमिनीवरून मारा करणारी क्षेपणास्त्रे आली आहेत. चार सुखोईंची कहाणी हेच सांगते, की विमान विकत घेता येते. हवाई दल मात्र रडार, क्षेपणास्त्रे, सुटे भाग आणि प्रशिक्षित माणसे यांतून वर्षानुवर्षे उभे करावे लागते.