बर्फाच्या गिरमिटाला ड्रिलची जोड

अमेरिकेतील मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि मिशिगन, कॅनडातील ओंटारिओ आणि मॅनिटोबा, युरोपात फिनलंड आणि स्वीडन या पट्ट्यातील तळी हिवाळ्यात गोठतात. थंडी भरात आली की उत्तर मिनेसोटात बर्फाचा थर 60 ते 90 सेंटिमीटरपर्यंत जातो. त्याखाली, तळाशी 4 अंश सेल्सिअसच्या आसपासच्या पाण्यात वॉलआय, पर्च, पाइक हे मासे फिरत असतात. मासेमारीला आलेला माणूस त्यांच्या डोक्यावरच चालतो, पण गळ खाली सोडायचा तर आधी बर्फाला भोक हवे. मासे एका जागी थांबत नाहीत, त्यामुळे सकाळभरात अशी दहा-वीस भोके सहज पाडावी लागतात.

पूर्वी हे काम लोखंडी पहारेने होई. मग हाताने फिरवायचे गिरमिट, म्हणजे ऑगर आले. स्वीडनमधल्या मोरा गावचे नाव या गिरमिटांना कायमचे चिकटले आहे. गिरमिटाची रचना सोपी असते. खालच्या टोकाला दोन धारदार पाती, मधल्या दांड्याभोवती मळसूत्रासारखी गुंडाळलेली पट्टी. पाती बर्फ कापतात, पट्टी त्याचा भुगा वर आणून टाकते. थर जाड असला की हाताच्या गिरमिटाने दंड भरून येतात, म्हणून पेट्रोलवर चालणारी गिरमिटे निघाली. ती दमदार खरी, पण दहा-बारा किलोंचे धूड घेऊन बर्फावर फिरायचे, कडाक्याच्या थंडीत दोरी ओढून ओढून इंजिन चालू करायचे आणि तंबूत धूर कोंडून घ्यायचा, हे सगळे ओघानेच आले.

बॅटरीवर चालणारे पहिले ड्रिल ब्लॅक अँड डेकर कंपनीने 1961 मध्ये आणले; मात्र गिरमिट फिरवण्याचा दम अशा ड्रिलमध्ये यायला बराच काळ गेला. लिथियम-आयन बॅटरी आणि ब्रशलेस मोटर या दोन गोष्टी एकत्र आल्यावरच सुताराच्या पेटीतले यंत्र तळ्यावर पोहोचले. हाताच्या गिरमिटाचा वरचा वाकडा दांडा काढायचा, त्याच्या जागी एक जोडतुकडा बसवायचा आणि त्याचे टोक ड्रिलच्या 13 मिलिमीटरच्या चकमध्ये आवळायचे, एवढाच खटाटोप. ड्रिलसाठीच बनवलेली हलकी गिरमिटेही आता मिळतात. ड्रिल आणि गिरमिट मिळून वजन साधारण चार-पाच किलो भरते.

ड्रिल निवडताना बहुतेकांची नजर व्होल्टवर जाते. खरे पाहायचे ते टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर. 18 व्होल्टच्या वरच्या दर्जाच्या ड्रिलचा टॉर्क 130 न्यूटन-मीटरच्या पुढे जातो. ड्रिलला दोन गिअर असतात. भिंतीत छोटे भोक पाडताना वेगाचा उपयोग होतो, रुंद गिरमिटाला मात्र मिनिटाला सुमारे 500 फेऱ्यांचा सावकाश गिअरच लागतो. वेगाच्या गिअरमध्ये मोटर तापते आणि पाती अडकली की जागीच थांबते. ड्रिलवरचे काम निवडायचे कडे ड्रिलच्या खुणेवर हवे. स्क्रूच्या क्लचवर ठेवले तर ते नुसते कटकट करत घसरत राहते.

भोकाच्या रुंदीचा हिशेब अनेकांच्या ध्यानात येत नाही. अर्ध्या मीटर जाडीच्या बर्फात 15 सेंटिमीटर रुंद भोक पाडले तर सुमारे 8 किलो बर्फ कापून निघतो. रुंदी 20 सेंटिमीटर केली की तोच आकडा 14 किलोंच्या वर जातो. रुंदी एक तृतीयांशाने वाढते, काम पाऊणपट वाढते आणि बॅटरी त्याच प्रमाणात लवकर उतरते. पर्च किंवा मध्यम वॉलआयसाठी 15 सेंटिमीटर पुरतात. मोठ्या पाइकसाठी 20 लागतात. त्यापुढे ड्रिलला ताणण्यात अर्थ नाही.

आता धोक्याची बाजू. गिरमिट ज्या दिशेने फिरते त्याच्या उलट दिशेने ड्रिलचे अंग फिरू पाहते, आणि त्याला अडवणारे असते ते फक्त मनगट. 135 न्यूटन-मीटरचा झटका बसला आणि मूठ अक्षापासून 15 सेंटिमीटरवर असली, तर त्या मुठीवर सुमारे 90 किलो वजनाइतका जोर येतो. तो कोणाच्याही मनगटाला पेलणारा नाही. अंतर 30 सेंटिमीटर केले की जोर निम्म्यावर येतो. म्हणून ड्रिलसोबत मिळणारे बाजूचे लांब हँडल काढून ठेवणे हा शुद्ध वेडेपणा आहे. पाती सर्वांत जास्त अडकतात त्या अगदी शेवटी, बर्फाचा तळ फुटून कडेचा पातळ पापुद्रा उरतो तेव्हा. तिथे दाब कमी करून ट्रिगर हलका सोडावा लागतो. हा ताण मनगटावरून काढण्यासाठी बाजारात एक पाटही मिळतो. ड्रिल त्यावर पट्ट्यांनी आवळून बसवतात आणि दोन्ही हातांनी सायकलच्या हँडलसारखा पाट धरतात. काही नव्या ड्रिलमध्ये अंग अचानक फिरू लागले की मोटर आपोआप बंद होते. ही सोय पैसे मोजून घ्यावी अशीच आहे.

दुसरा धोका गिरमिट गमावण्याचा. चक ढिला झाला की गिरमिट भोकातून सरळ तळाशी जाते. भुगा झटकण्यासाठी ड्रिल उलटे फिरवले की चक सैल होण्याची शक्यता वाढते. म्हणून दांड्यावर भोकापेक्षा रुंद चकती बसवतात. तरंगणारी गिरमिटेही मिळतात.

पात्यांचे दोन प्रकार आहेत. गुळगुळीत धारेची पाती खोबरे खवावे तसा स्वच्छ बर्फ भराभर खरवडतात, पण वाळू-माती लागली की बोथट होतात. दातेरी पाती थोडी संथ असतात, मात्र पुन्हा गोठलेले जुने भोक उघडायला तीच बरी. भोक झाल्यावर पाती कोरडी केली नाहीत, तर त्यांवर बर्फाचा थर बसतो आणि पुढच्या भोकाला ती नुसतीच घसरतात.

थंडीत लिथियम-आयन बॅटरीच्या आतला द्रव घट्ट होतो, अंतर्गत रोध वाढतो, आणि जोर लागताच व्होल्टेज कोसळून ड्रिल बंद पडते. बॅटरी संपलेली नसते, गारठलेली असते. कोटाच्या आतल्या खिशात ठेवलेली जोडीची बॅटरी म्हणूनच कामी येते. गारठलेली बॅटरी तशीच चार्जरला लावणे मात्र घातक. शून्याखाली चार्ज करताना आत धातुरूप लिथियमचा थर साचतो आणि बॅटरी कायमची बिघडते. आधी ती खोलीच्या उबेला आणावी.

मीटरभर जाड बर्फात दिवसभर रुंद भोके पाडणाऱ्याला आजही पेट्रोलचे किंवा मुद्दाम बनवलेले विजेचे गिरमिटच सोयीचे आहे. ज्याच्याकडे चांगले ब्रशलेस ड्रिल आधीपासून आहे, त्याने 15 सेंटिमीटरचे गिरमिट, बाजूचे हँडल आणि एक जास्तीची बॅटरी घेतली की काम भागते. पायी चालण्यासाठी मिनेसोटाच्या निसर्गसंपदा खात्याने किमान 4 इंच, म्हणजे 10 सेंटिमीटर, नवा स्वच्छ बर्फ सांगितला आहे. तेव्हा पहिले भोक काठाजवळ पाडून जाडी मोजावी आणि मगच पुढे जावे.