चावीचं घड्याळ: विकण्याआधी आणि घेण्याआधी

आज आपण घड्याळाबद्दल बोलणार आहोत, तेही चावीच्या. तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायकांना हे काय सुचलं? तर आधी काय घडलं ते ऐका.

दिवाळीनंतर आमच्या गावात मोटरसायकलवर एक माणूस आला. जुनी नाणी, तांब्या-पितळेची भांडी, बंद पडलेली घड्याळं घेतो म्हणाला. आमच्या गटातल्या एका काकींनी ट्रंकेतलं काकांचं घड्याळ काढून त्याला दिलं. काका जाऊन नऊ वर्षं झाली, घड्याळही तेव्हापासून बंद. दीडशे रुपये मिळाले, ते काकींनी त्याच महिन्याच्या बचतीत भरले. संक्रांतीला मुलगा घरी आला आणि त्यानं विचारलं, "आई, दादांचं घड्याळ कुठंय?" त्या रात्री काकी जेवल्या नाहीत. पुढच्या बैठकीत त्यांनी हे सांगितलं, तेव्हा हिशोबाची वही तशीच उघडी राहिली आणि बोलणं फक्त घड्याळावर झालं.

मग आम्ही प्रत्येकीला घरातली ट्रंक, फडताळ बघायला सांगितलं. तेरा जणींच्या गटात सहा घड्याळं निघाली. पाच एचएमटीची, एक परदेशी. सगळी रुमालात बांधून आम्ही दोघी तालुक्याच्या घड्याळजीकडे गेलो. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस. त्यांनी एकेक झाकण उघडून दाखवलं. सहापैकी चार घड्याळांना काहीच झालेलं नव्हतं, फक्त आतलं तेल वाळलं होतं. काकींच्या घड्याळाचंही कदाचित तेवढंच झालं असेल. हे त्या दिवशी कळलं, म्हणून आज सांगतो आहोत.

एचएमटी म्हणजे सरकारी कारखाना. 1961 साली बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं तिथं मनगटी घड्याळं बनू लागली. जनता, पायलट, कोहिनूर, सोना ही नावं घरात मोठ्यांच्या तोंडून ऐकली असतील. बायकांसाठी सुजाता, नूतन अशीही घड्याळं होती. लग्नात जावयाला सायकल, रेडिओ आणि एचएमटी देण्याची पद्धत होती. (ती पद्धत चांगली होती असं आमचं म्हणणं नाही. किती बापांनी त्यासाठी उसनं काढलं, तेही आपल्याला माहीत आहे.) पुढे सेलची घड्याळं आली, लोकांनी ती घेतली, आणि 2016 मध्ये सरकारनं एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. तेव्हापासून जुन्या एचएमटीला शहरात हौशी गिऱ्हाईक आहे. मोटरसायकलवाला उगाच गावोगाव फिरत नाही.

आता हे चालतं कसं ते बघू, म्हणजे पुढचं सगळं आपोआप समजेल. चावी दिली की आत पोलादाची एक पट्टी गुंडाळली जाते. ती सुटायला बघते आणि दातेरी चाकं फिरवते. ती एकदम सुटली तर काटे गरगर फिरतील. म्हणून शेवटी एक छोटं चाक असतं, पाळण्यासारखं इकडून तिकडे झुलणारं, आणि त्याला केसासारखी बारीक स्प्रिंग. प्रत्येक झोक्याला ते चाकांना एकच दाता पुढे जाऊ देतं. तीच आपली टिकटिक. एचएमटी जनतामध्ये ही टिक सेकंदाला पाच वेळा होते, म्हणजे दिवसाला 4,32,000 वेळा. शिलाई मशीनला आपण महिन्यातून एकदा तरी तेल देतो. इथं एवढं काम करणाऱ्या यंत्राला लोक वीस-वीस वर्षं तेल देत नाहीत आणि वर म्हणतात, घड्याळ बिघडलं.

तबकडीवर 17 ज्वेल लिहिलेलं असतं. आमच्यातल्या एकीला वाटलं, सतरा माणकं आहेत, काढून विकता येतील. घड्याळजी खूप हसले. ती माणकंच असतात, पण कारखान्यात बनवलेली, मोहरीपेक्षा लहान. चाकांच्या आसाची टोकं त्यांच्यात फिरतात, म्हणून झीज कमी होते. विकायला त्यांची किंमत काही नाही, घड्याळ टिकायला मात्र फार आहे.

चावी कधी आणि किती द्यायची? रोज एकदा, ठरलेल्या वेळी, सकाळी चहा ठेवताना म्हणा. मनगटावर असताना देऊ नका, काढून हातात धरून द्या, नाहीतर चावीची दांडी तिरकी ओढली जाते. वीस-पंचवीस वेळा फिरवल्यावर बोटाला अडल्यासारखं लागतं, तिथं थांबायचं. "चावी जास्त बसली म्हणून घड्याळ बंद पडलं" असं आपण ऐकत आलो आहोत. तसं होत नाही. घड्याळ बंद पडतं ते तेल वाळल्यामुळं किंवा कचरा गेल्यामुळं. अडल्यावरही जोर लावला तर मात्र खरंच काहीतरी तुटेल. ऑटोमॅटिक घड्याळ असेल तर हाताच्या हालचालीनंच चावी बसते, पण दोन-तीन दिवस काढून ठेवलं तर तेही थांबतं. त्यात बिघाड काही नाही. तारीख दाखवणारं घड्याळ असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात तारीख हातानं बदलू नका. त्या वेळी आतले दाते स्वतः तारीख सरकवत असतात, मध्येच ओढलं तर ते मोडतात.

पाणी हा मोठा शत्रू. भांडी, धुणं, शेतातलं पाट-पाणी, या कामांना घड्याळ काढून ठेवा. जुन्या घड्याळावर काहीही लिहिलेलं असो, आतलं रबर कधीच कडक झालेलं असतं. काचेखाली वाफ धरली तर चुलीजवळ सुकवायला ठेवू नका, तांदळाच्या डब्यातही घालू नका. एक-दोन दिवसांत घड्याळजीकडे न्या, कारण गंज थांबत नाही. दुसरा शत्रू लोहचुंबक. मोबाईल, रेडिओचा स्पीकर, फ्रिजचं दार, चुंबकाचं बटण असलेली पर्स. घड्याळ अचानक दिवसाला पाच-दहा मिनिटं पुढे पळायला लागलं तर ती बारीक स्प्रिंग चुंबकानं चिकटलेली असू शकते. घड्याळजीकडे ते काढायचं यंत्र असतं, दोन मिनिटांचं काम आहे. त्यासाठी कोणी पूर्ण दुरुस्तीचे पैसे मागू लागला तर जरा विचारा.

चार-पाच वर्षांनी एकदा सर्व्हिसिंग करायचं. इथं एक प्रश्न विचारायलाच हवा: "सगळं खोलून साफ करणार का?" काही ठिकाणी यंत्र न खोलता पेट्रोलमध्ये बुडवतात, वर तेलाचा थेंब सोडतात आणि परत देतात. चार महिने चालतं, मग पुन्हा तेच. आम्हाला एका घड्याळाला सहाशे रुपये पडले. देण्याआधी झाकण उघडून आतल्या यंत्राचा मोबाईलवर फोटो काढून घेतला आणि पावतीवर घड्याळाचं नाव लिहून घेतलं. घड्याळजी रागावले नाहीत. जो रागावेल त्याच्याकडे देऊ नका.

आता विकत घेण्याचं. आमच्या एका ताईंनी पुतण्यासाठी मोबाईलवरून "नवं कोरं" एचएमटी मागवलं. झगझगीत निळी तबकडी, किंमत स्वस्त. घड्याळजींनी उघडलं तर आत गंज, तीन वेगवेगळ्या घड्याळांचे भाग, आणि तबकडी जुनीच, वरून रंगवलेली. अशी घड्याळं बाजारात ढिगानं आहेत. म्हणून जुनं घेताना तबकडी फार चकचकीत आणि मागचं झाकण घासलेलं असेल तर संशय घ्या. तबकडीवरची अक्षरं भिंगातून बघा, रंगवलेली असतील तर कडा फुगीर, वाकड्या दिसतात. झाकण उघडायला सांगा. आत गंज नको, स्क्रूंची डोकी खरवडलेली नकोत, यंत्रावर एचएमटीची खूण हवी. कानाला लावून टिक ऐका, ती एकसारखी हवी. शक्य असेल तर एक दिवस चालवून बघा, काही तास आडवं ठेवून, काही तास उभं ठेवून. दिवसाच्या 86,400 सेकंदांत जुन्या घड्याळानं अर्धा-एक मिनिट मागं-पुढं केलं तर तक्रार करू नका. दहा मिनिटं गेली तर घेऊ नका.

नवं हवं असेल तर टायटन, सायको, सिटिझन यांची ऑटोमॅटिक घड्याळं दुकानात मिळतात, पण किंमत काही हजारांच्या घरात जाते. बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड घेतल्याशिवाय दुकानातून उठू नका. आणि खरं सांगायचं तर नुसती वेळच बघायची असेल, तर साधं सेलचं घड्याळ घ्या. ते महिन्यात जेवढं चुकतं, तेवढं चावीचं एका दिवसात चुकतं. चावीचं घ्यायचं ते आवड म्हणून, किंवा कोणाची आठवण म्हणून, आणि रोज एक मिनिट त्याला देणार असाल तरच.

गटाच्या पैशातून घड्याळासाठी कर्ज द्यायचं का, यावर आमच्यात वाद झाला. शेवटी ठरलं, नवं घ्यायला नाही, घरातलं दुरुस्त करायला हजार रुपयांपर्यंत द्यायचं, तीन हप्त्यांत फेड. चार जणींनी घेतलं. दोघींचं फिटलं, दोघींचा शेवटचा हप्ता राहिलाय.

काकींचं घड्याळ अजून मिळालेलं नाही. एचएमटी जनता, पांढरी तबकडी, चारच्या आकड्याजवळ काचेला चीर. मागच्या झाकणावर काकांनी खिळ्यानं स्वतःच्या नावाची दोन अक्षरं कोरली होती, "द. मा." अशी. तुमच्या गावच्या बाजारात किंवा कुणाच्या मनगटावर दिसलं, तर आपल्या रेडिओ केंद्रावर निरोप ठेवा. दीडशेच्या जागी जी काय रास्त किंमत असेल ती द्यायला काकी तयार आहेत.