रायफलला मानवणारी गोळी

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले. या प्रकारात दहा गुणांचे वर्तुळ असते जेमतेम १०.४ मिलिमीटरचे. तिथे नुसता हात स्थिर असून भागत नाही, काडतूसही दरवेळी सारखेच उडावे लागते.

मोठ्या बोअरच्या रायफलींचे अनेक नेमबाज दारू तोलून काडतुसे स्वतः भरतात. पॉइंट टू टूच्या काडतुसात ती सोय नाही. ठिणगी देणारे रसायन त्याच्या बुडाच्या कडेतच भरलेले असते. मग हाती उरते ती निवड. रायफल शिकंज्यात घट्ट बसवायची, वेगवेगळ्या लॉटमधल्या गोळ्या झाडायच्या आणि कोणत्या लॉटची छिद्रे सर्वांत जवळ पडतात ते मोजायचे.

गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ३२५ मीटर धरला, तर साध्या हिशेबाने पाच मीटरचा फरकही तिला लक्ष्यावर साडेतीन मिलिमीटर वरखाली करतो. शिवाय बार उडताना नळी कंप पावते, आणि प्रत्येक नळीचा कंप निराळा. त्यामुळे मित्राला लाभलेला लॉट आपल्याला लाभेलच असे नाही.

खरी फसगत होते मोजणीत. पाच गोळ्या एकाच छिद्रातून गेल्या की मन हरखते. पण पाचांत नशिबाचा वाटा मोठा. त्याच पेटीतल्या पुढच्या पाच दुप्पट पसरू शकतात. चाळीस-पन्नास झाडून मगच ठरवलेले बरे, खर्च झाला तरी. पसंत पडलेल्या लॉटची नेमबाज बेगमी करून ठेवतात. तो संपला की चाचणी पुन्हा पहिल्यापासून.